काढ्याची चूल कुठे मांडायची?

घरात कुणाला खोकला झाला की आजी काढा करायची. आले, तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध असे सगळे पातेल्यात पडायचे, पाणी आटून निम्मे व्हायचे आणि त्या वासाने सारे घर भरून जायचे. एका माणसाच्या एका काढ्याला एक शेगडी आणि अर्धा तास पुरत असे. आता कल्पना करा, चारशे खाटांचे रुग्णालय आहे. प्रत्येक रुग्णाचा काढा वेगळा, कारण प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. प्रत्येक काढा अर्धा तास भिजवायचा, एकदा उकळून गाळायचा, तीच औषधे पुन्हा पाणी घालून दुसऱ्यांदा उकळायची आणि दोन्ही पाणी एकत्र करायचे. सगळ्या खाटा भरल्या आणि प्रत्येकाला काढा द्यायचा ठरले, तर दिवसाला आठशे उकळ्या झाल्या. एवढ्या चुली मांडायच्या कुठे? धूर न्यायचा कुठून? चोथा टाकायचा कुठे? आणि तेहतीस नंबरच्या खाटेचा काढा चुकून चौतिसाव्या खाटेला जाणार नाही, याची खात्री कुणी द्यायची?

हा प्रश्न गमतीचा वाटेल, पण हाँगकाँगमध्ये तो नुकताच खरोखर सोडवावा लागला आहे. डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या च्युंग क्वान ओ भागात हाँगकाँगचे पहिले सरकारी चिनी वैद्यकाचे रुग्णालय सुरू झाले. आराखडा चारशे खाटांचा. सेवा टप्प्याटप्प्याने वाढणार. चालवण्याची जबाबदारी तिथल्या बॅप्टिस्ट विद्यापीठाकडे आहे. केवळ चिनी औषधोपचार, चिनी औषधोपचार मुख्य आणि पाश्चात्त्य पूरक, आणि दोन्ही वैद्यकांचे सहकार्य अशा तीन प्रकारांनी इथे उपचार होणार आहेत. तातडीची सेवा, शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि बाळंतपण या गोष्टी मात्र इथे नाहीत.

बातमी म्हणून हे चार ओळींचे प्रकरण आहे. पण एखाद्या समाजाने आपल्या जुन्या वैद्यकासाठी इमारत बांधायला घेतली की तिच्या नकाशात पुष्कळ काही ठरून जाते. कोणत्या कामाला खोली मिळाली, कोणत्या कामाला कोपरा मिळाला आणि कोणते काम भिंतीवरच्या चित्रापुरते उरले, यावरून ते वैद्यक पुढे जगणार की नुसते मिरवले जाणार हे कळते. हाँगकाँगला तर हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच मिळाला आहे, आणि त्या धड्याचा एक धागा थेट आपल्या मुंबई-पुण्याशी जोडलेला आहे.

मरणाऱ्यांची खोली

1869 साली हाँगकाँगमध्ये एक किळसवाणे प्रकरण उघडकीस आले. परगावाहून आलेल्या आणि इथेच मेलेल्या लोकांच्या नावाच्या पाट्या ठेवण्यासाठी चिनी समाजाने एक छोटे देवस्थान बांधले होते. तिथे मरणपंथाला लागलेली गरीब माणसे आणून टाकली जात. सरकारी अधिकाऱ्यांनी आत पाऊल ठेवले, तेव्हा जिवंत आणि मृत एकमेकांशेजारी पडलेले होते. औषध नाही, पाणी नाही. वास्तविक सरकारी रुग्णालय गावात होते, पण तिथे जायला चिनी माणूस धजावत नसे. तिथे अंग कापतात, मेल्यावरही फाडून बघतात, अशी त्याला धास्ती.

या प्रकरणातून तुंग वा रुग्णालय जन्माला आले. 1870 मध्ये त्याचा कायदा झाला, सरकारने जुगाराच्या परवान्यांतून जमलेल्या पैशांतून मदत केली, चिनी व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली आणि 1872 मध्ये दारे उघडली. इथे उपचार फक्त चिनी वैद्यांचे. पण हे केवळ औषधाचे घर नव्हते. व्यापारी पंचमंडळींची इथे बैठक बसे, तंटे मिटवले जात, दुष्काळासाठी निधी जमे. परदेशात मेलेल्या चिनी माणसाच्या अस्थी त्याच्या मूळ गावी पोचवण्याचे कामही तुंग वाकडेच होते आणि त्यासाठी पुढे शवपेट्या ठेवण्याचे एक स्वतंत्र घरच संस्थेने चालवले. आजच्या रुग्णालयाच्या नकाशात असली खोली कुणी काढणार नाही. पण तेव्हाच्या रुग्णाला औषधाइतकाच या गोष्टीचा आधार वाटत होता. आपण इथे मेलो तरी कुणीतरी आपल्याला घरी पोचवील, एवढी खात्री असली म्हणजे माणूस रुग्णालयाची पायरी चढतो.

प्लेग आला, घरे उघडली

1894 च्या उन्हाळ्यात हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले. सरकारी नोंदींप्रमाणेच अडीच हजारांवर माणसे मेली. त्याच जूनमध्ये अलेक्झांडर येरसॅं याने एका गवताच्या झोपडीतल्या प्रयोगशाळेत प्लेगचा जंतू शोधला. पण जंतू सापडला म्हणून उपचार सापडला असे नव्हते. गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर घुसून रोगी शोधू लागल्या, सामान बाहेर फेकू लागल्या, भिंतींना चुना मारू लागल्या. रोग्यांना बंदरात नांगरलेल्या ‘हायजिया’ नावाच्या जहाजावर नेले जाई. चिनी वस्तीत संताप उसळला. आमच्या माणसांना जहाजावर नको, तुंग वामध्ये न्या, अशी मागणी झाली. अखेर केनेडी टाउनमधला एक काचेचा कारखाना रिकामा करून तिथे तुंग वाच्या देखरेखीखाली रोगी ठेवायला सरकारने मान्यता दिली.

हे वाचताना मराठी वाचकाला आपलीच गोष्ट वाचल्यासारखे होईल आणि ते बरोबरच आहे. तोच प्लेग 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत उतरला, आणि तो हाँगकाँगहून जहाजातून आला असावा असेच बहुतेक अभ्यासक मानतात. 1897 मध्ये पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजिरांनी घरे धुंडाळली, देवघरापर्यंत बूट गेले, आणि 22 जूनच्या रात्री चाफेकरांच्या गोळ्या सुटल्या. हाँगकाँगमध्ये तुंग वाच्या कारभारावर सर्वांत कडक टीका करणारे डॉक्टर जेम्स लॉसन हेच 1897 मध्ये प्लेगच्या कामावर मुंबईत आले होते. एकाच साम्राज्यातली दोन बंदरे, एकच रोग आणि एकच रीत.

लॉसन यांची टीका सगळीच खोटी होती असे म्हणता येणार नाही. तुंग वाची गर्दी आणि अस्वच्छता हे खरे प्रश्न होते. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 1894 मध्ये प्लेगवर ना चिनी वैद्याकडे उपाय होता, ना इंग्रज डॉक्टराकडे. हाफकिन यांनी प्रतिबंधक लस टोचून घेतली ती जानेवारी 1897 मध्ये, आपल्या भायखळ्यात. तेव्हा हाँगकाँगमधले ते भांडण औषधाचे नव्हतेच. ते जागेचे होते. रोग्याने कुठे पडून राहायचे, त्याला कुणी हात लावायचा, मेल्यावर त्याचे काय करायचे, हे कुणी ठरवायचे याचे ते भांडण होते.

निकाल अर्थातच राज्यकर्त्यांच्या बाजूने लागला. 1896 मध्ये चौकशी समिती बसली आणि तिच्या शिफारशीनुसार तुंग वामध्ये पाश्चात्त्य शिक्षण घेतलेला चिनी डॉक्टर आला. पाश्चात्त्य उपचार सुरू झाले आणि मग एकेक दालन तिकडे सरकत गेले. याच संस्थेच्या परंपरेतले क्वाँग वा रुग्णालय 1911 मध्ये कौलूनला उघडले, तेव्हा तिथे दोन्ही उपचार होते. दुसऱ्या महायुद्धात, जपानी अमलाखाली, औषधी वनस्पतींची आवक आटली. युद्धानंतर खाटा पाश्चात्त्य वैद्यकाकडे गेल्या आणि चिनी वैद्य बाह्यरुग्ण विभागात उरले. क्वाँग वाचे जुने सभागृह आजही उभे आहे. 1970 पासून तिथे वस्तुसंग्रहालय आहे.

चिनी वैद्यक हाँगकाँगमधून नाहीसे झाले असे मात्र नाही. ते गल्लीतल्या काष्ठौषधींच्या दुकानात गेले. दुकानाच्या मागच्या अंगाला वैद्य, पुढे औषधांचे फडताळ आणि दारात कडू काढ्याचे पेले. रुग्णालय गेले, पण दुकान टिकले. 1997 च्या सत्तांतरानंतर लागू झालेल्या मूलभूत कायद्यात दोन्ही वैद्यकांच्या विकासाची तरतूद आली आणि 1999 मध्ये चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. 2003 मध्ये सार्सच्या साथीने हाँगकाँगमध्ये 299 बळी घेतले, तेव्हा ग्वांगचौच्या चिनी वैद्यकाच्या रुग्णालयातून दोन तज्ज्ञ महिला डॉक्टरांना इथल्या सरकारी रुग्णालयांनी बोलावून घेतले. 1894 मध्ये ज्या वैद्यकाला साथीत दाराबाहेर काढले, त्यालाच 109 वर्षांनी दुसऱ्या साथीत आत बोलावले गेले. 2014 मध्ये सरकारने रुग्णालयासाठी जागा राखून ठेवली. आता इमारत उभी राहिली आहे.

नकाशात काय हवे?

चिनी वैद्यकाच्या रुग्णालयाला असे काय वेगळे लागते? साधारण रुग्णालयाचा नकाशा यंत्रांभोवती आणि शस्त्रक्रियागृहाभोवती फिरतो. इथे चार गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, वैद्याची खोली. चिनी निदानाची चार अंगे आहेत. बघणे, ऐकणे आणि हुंगणे, विचारणे, आणि नाडी पाहणे. बघण्यात जिभेला फार महत्त्व. जीभ फिकट आहे की लाल, तिच्यावरचा थर पांढरा आहे की पिवळा, यावर पुढचे सारे ठरते. आता खिडकीला निळी काच बसवली किंवा भिंत गुलाबी रंगवली, तर पिवळा थर कसा ओळखणार? तेव्हा या खोलीला स्वच्छ दिवसाचा उजेड हवा. रंगीत काच, रंगीत पडदा, पिवळसर दिवा यांना मज्जाव. नाडी दोन्ही हातांची, तीन बोटांनी, लहानशा उशीवर मनगट ठेवून पाहतात. त्यासाठी शांतता हवी, म्हणजे खोली उद्‍वाहनाच्या यंत्राला किंवा औषध वाटपाच्या खिडकीला लागून नको. शिवाय ही विद्या अजूनही बरीचशी गुरूजवळ बसून शिकायची आहे. ज्येष्ठ वैद्य नाडी पाहतो, मग तीच नाडी शिष्य पाहतो. दोन खुर्च्यांची खोली बांधली की त्या शिष्याला जागाच उरत नाही, आणि एका पिढीचे शिक्षण थांबते.

दुसरी गोष्ट औषधांचे फडताळ. जुन्या चिनी औषधशाळेत भिंतभर छोट्या खणांचे कपाट असते. प्रत्येक खणात दोन-तीन कप्पे, त्यात वाळलेली मुळे, साली, फुले, बिया. कोणता खण कुठे, याचे एक शास्त्र आहे. रोज लागणारी औषधे हाताच्या उंचीवर. हलकी फुले-पाने वर. शिंपले आणि खनिजे जड म्हणून खाली. एकत्र द्यायची ती शेजारी. परस्परांना वर्ज्य असलेली किंवा दिसायला सारखी असलेली औषधे शेजारी नाहीत. विषारी औषधे कुलपात, वेगळी.

हे सारे सोवळे-ओवळे वाटेल. पण ही मांडणी चुकली तर काय होते ते बेल्जियममध्ये दिसले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या तरुण बायकांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. अशा रुग्णांची संख्या पुढे शंभरावर गेली. ‘फांग-ची’ या नावाने दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. हवी होती ती मिळाली नाही आणि तिच्या जागी मूत्रपिंडाला घातक असलेली दुसरी गेली. नावात गफलत झाली आणि आयुष्ये गेली. म्हणून रुग्णालयातले औषधांचे कोठार केवळ सजावटीचे कपाट असून चालत नाही. माल उतरवण्याची जागा, तपासणीची खोली, कोरडी साठवण, कीड लागू नये म्हणून वेगळी व्यवस्था, आणि मग वाटपाची खिडकी, अशी साखळी नकाशात लागते.

तिसरी गोष्ट चूल, म्हणजे काढ्याची खोली. चीनच्या आरोग्य खात्याने 2009 मध्ये या खोलीचे सविस्तर नियम केले. औषधे किमान अर्धा तास भिजवायची, पाणी औषधांवर दोन ते पाच सेंटीमीटर राहायला हवे, साधारणपणे दोनदा उकळायचे, मोठ्या माणसाला दिवसाचा काढा 400 ते 600 मिलिलिटर, तो दोन भागांत द्यायचा. खोली ऐसपैस, उजेडाची, धुण्याजोग्या भिंतींची, धूर आणि वाफ बाहेर काढणारी असावी आणि कामाची जागा राहण्या-उठण्याच्या जागेपासून वेगळी असावी. घरच्या काढ्यात सगळे एकदम घालतात, इथे तसे चालत नाही. शिंपले आणि खनिजे आधी उकळायची. पुदिना शेवटी घालायचा, नाहीतर त्याचा गुण वाफेबरोबर जातो. केसाळ औषधे फडक्यात बांधायची. जिनसेंग मौल्यवान म्हणून वेगळा उकळायचा. बचनागाच्या जातीचे एक औषध तर बराच वेळ आधी उकळावेच लागते. कमी उकळले तर ते विषच. म्हणजे इथे चूल हे स्वयंपाकाचे साधन नाही, ते रुग्णाच्या सुरक्षेचे यंत्र आहे. हल्ली ओळीने यंत्रे मांडून, काढा पिशवीत बंद करून, वर रुग्णाचे नाव चिकटवून खोलीत पाठवतात. पण यंत्र आले तरी भिजवण्याची, उकळण्याची, गाळण्याची, भरण्याची जागा क्रमाने हवी, आणि चोथ्याची गाडी रुग्णाच्या जेवणाच्या गाडीला आडवी जाता कामा नये.

चौथी गोष्ट सुयांची आणि शेकाची. सुई टोचायला वैद्याला पाच मिनिटे लागतात, पण सुया अंगात साधारण अर्धा तास राहतात. त्यामुळे एक वैद्य चार-पाच खाटांवर फिरता राहतो. रुग्णाचे अंग अर्धे उघडे असते, म्हणून खोली ऊबदार हवी, खाटांमध्ये पडदे हवेत, हाक मारायला हाताशी घंटा हवी. बायकांसाठी वेगळी सोय हवी. शेकासाठी दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची वात पेटवतात आणि तिचा धूर होतो. साध्या रुग्णालयात छताला धूर ओळखणारी यंत्रे असतात. शेक सुरू झाला की आगीची घंटा वाजते! ती बंद ठेवली तर खरी आग लागली तेव्हा कळायचे कसे? उत्तर सोपे आहे. धुरासाठी वेगळा खेचणारा पंखा आणि धुराऐवजी उष्णता ओळखणारी यंत्रे. पण हे इमारत बांधण्यापूर्वी कुणाला तरी सुचायला हवे. नाहीतर वर्षभरात ‘शेक बंद’ अशी पाटी लागते. एक उपचार असा मुकाट्याने जातो. त्याचा ठराव होत नाही, चर्चा होत नाही.

तीन देश, तीन चुली

नकाशातून वैद्यक कसे बदलते हे पाहायचे तर शेजारचे तीन देश पाहावेत.

जपानने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य वैद्यक हेच अधिकृत ठरवले. 1874 पासून नियम बदलत गेले आणि जुन्या ‘काम्पो’ वैद्यांना परवाना देण्याचे विधेयक 1895 मध्ये संसदेने फेटाळले. काम्पोची औषधे मात्र उरली. 1976 पासून ती मोठ्या प्रमाणावर आरोग्य विम्यात आली आणि आज 148 योग त्यात आहेत. पण ती कारखान्यात तयार झालेल्या भुकटीच्या पुड्यांतून. साधा डॉक्टरच ती लिहून देतो. त्यामुळे जपानमध्ये वेगळ्या रुग्णालयाची गरजच उरली नाही. चूल गेली, फडताळ गेले, जीभ पाहायची खोलीही बरीचशी गेली. तोक्योतल्या कितासातो विद्यापीठाच्या 1972 मध्ये स्थापन झालेल्या केंद्रासारख्या थोड्या जागी काढ्याची परंपरा टिकून आहे.

कोरियाने 1951 च्या कायद्याने दोन वेगळे परवाने मान्य केले. 1971 मध्ये सोलला क्युंग ही विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र उघडले, तेव्हा पाश्चात्त्य, दंत आणि कोरियन वैद्यक एकाच आवारात आले. तिथे प्रश्न चुलीचा निराळ्या रीतीने सुटला. लहान दवाखान्यांना मोठी काढ्याची खोली परवडत नाही, म्हणून काढा बाहेरच्या सामायिक केंद्रांतून येऊ लागला. बाहेर शिजवले की आत विश्वास डळमळतो, म्हणून 2018 मध्ये सरकारने त्या केंद्रांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू केली आणि 2020 च्या अखेरीस काही मोजक्या आजारांसाठी काढा प्रायोगिक तत्त्वावर विम्यात आणला. चूल राहिली, पण घराबाहेर.

चीनने तिसरा मार्ग घेतला. 1955 मध्ये बीजिंगला राष्ट्रीय संशोधन संस्था, 1956 मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंग्तू इथे चार महाविद्यालये आणि मग देशभर स्वतंत्र रुग्णालये. पण 1982 मध्ये हूनान प्रांतातल्या हंगयांग इथे भरलेल्या बैठकीत हीच तक्रार पुढे आली, की पाटी चिनी वैद्यकाची आणि आत काम मात्र दुसऱ्याचे. यंत्र आणले की पैसा येतो, नाडी पाहण्यात येत नाही, मग जागा कुणाला मिळणार? 2008 मध्ये चीनने या रुग्णालयांच्या बांधकामाचे स्वतंत्र मानक केले. सर्वसाधारण रुग्णालयाच्या मानकात औषध विभाग इतर तांत्रिक विभागांत मोडतो. इथे त्याला क्षेत्रफळाचा वेगळा रकाना मिळाला. कागदावरचा एक रकाना म्हणजे इमारतीतला एक मजला. हा फरक फार मोठा आहे. मात्र नोव्हेंबर 2021 पासून एकेका औषधाच्या तयार भुकटीला चीनमध्येही मोकळीक मिळाली आहे. गरम पाण्यात ढवळा आणि प्या. प्रवासात असलेल्याला, नोकरी करणाऱ्या बाईला ही सोय मोठी आहे. पण उद्या सगळेच भुकटीवर गेले, तर चुलीच्या खोलीत दुसरे काही येईल.

छप्पर नको, दार हवे

चिनी वैद्यकाची इमारत म्हटले की अनेक वास्तुरचनाकारांना पहिल्यांदा वळणदार छप्पर, लाल खांब आणि गोल दार आठवते. ते दिसायला छान असते. पण खरी परंपरा कुठे असते, हे पाहायला हांगचौची हू छिंग यू थांग ही 1874 मध्ये स्थापन झालेली औषधशाळा चांगली. तिथल्या बहुतेक पाट्या गिऱ्हाइकाला दिसतील अशा बाहेरच्या बाजूला आहेत. एक पाटी मात्र आत, नोकरांना दिसेल अशी लावलेली आहे. तिच्यावर दोनच अक्षरे आहेत आणि अर्थ आहे, ‘फसवू नका’. इमारतीत धोरण कसे लिहायचे, याचा याहून सोपा धडा नसेल.

आणि आणखी एक दार नकाशात हवेच. जुन्या वैद्यकाला खोली दिली म्हणजे त्याचा प्रत्येक दावा खरा ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात पारंपरिक वैद्यकाचा अध्याय घातला, तेव्हाही शास्त्रज्ञांनी पुराव्याचा प्रश्न उपस्थित केलाच होता आणि तो रास्त होता. हाँगकाँगच्या नव्या रुग्णालयात शस्त्रक्रिया नाही, अतिदक्षता नाही. मग पक्षाघातानंतरच्या उपचारासाठी आलेल्या म्हाताऱ्या बाईच्या छातीत मध्यरात्री कळ आली, तर तिला किती मिनिटांत, कोणत्या उद्‍वाहनातून, कोणत्या रुग्णवाहिकेने हलवणार? तिने आज कोणता काढा घेतला, हे पलीकडच्या डॉक्टरला कसे कळणार? 1894 मध्ये भिंत उभी राहिली ती दोन वैद्यकांमध्ये, आणि मधल्या मध्ये रोगी सापडला. आता भिंत राहिली तरी चालेल, पण तिला रुंद, दोन्ही बाजूंनी उघडणारे दार पाहिजे. संशोधनाची कामगिरीही या रुग्णालयावर सोपवलेली आहे. चारशे खाटा म्हणजे चारशे नोंदवह्या. कोणत्या काढ्याने गुण आला आणि कोणत्याने नाही, हे तिथे प्रामाणिकपणे लिहिले गेले, तर पुढच्या भांडणाला जागेऐवजी पुराव्याचा आधार मिळेल.

आपल्याकडेही आयुर्वेदाची रुग्णालये आहेत. पंचकर्माला गरम पाणी, तेल आणि निचरा लागतो. काढ्याला भट्टी लागते. नाडी पाहणाऱ्याला शांतता लागते. नवीन इमारतीचा नकाशा मंजूर करताना या गोष्टी आधी विचारल्या जातात की उद्‍घाटनानंतर जिन्याखाली बसवल्या जातात, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या रुग्णालयात जाऊन पाहावे. फार काही करायला नको. काढा कुठे होतो, एवढेच विचारावे आणि ती खोली दाखवायला सांगावी.

हाँगकाँगच्या रुग्णालयाचे यशही असेच मोजावे लागेल. बागेतल्या वनौषधींची छायाचित्रे निघतील, पाहुणे येतील, प्रशंसा होईल. पण पाच वर्षांनी तिथे जाणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. वैद्याच्या टेबलाशी शिष्याची खुर्ची अजून आहे का, काढ्याच्या खोलीतून वाफ येते का आणि रात्री दोन वाजता रुग्णाला पलीकडे नेणारा रस्ता मोकळा आहे का. 1869 मध्ये त्या देवस्थानात पडलेल्या माणसांना यांतले काहीच मिळाले नव्हते. ते आता मिळाले, तर दीडशे वर्षांनी बांधलेली ही इमारत सत्कारणी लागली असे म्हणता येईल.